वाजतगाजत शिरवलेला समुद्र

ड्रॉइंगचे सर किराणा आणायला निघाले की आळीला कळायचं. खांद्यावर कापडी झोळी, हातात तेलाची बाटली, काखेत पळसाच्या पानांची चवड आणि चेहऱ्यावर भांडणाची पूर्ण तयारी. दुकानदाराने साखर पॉलिथिनच्या पिशवीत ओतली रे ओतली, की सर ती पिशवी दोन बोटांनी उचलून उजेडात धरत आणि विचारत, "हे कुठं जाईन?"

"तुमच्या घरी जाईन, गुरुजी."

"अन् घरून?"

"उकिरड्यावर."

"उकिरड्यावरून?"

दुकानदार हसायला लागे. मागची गिऱ्हाइकंही. सरांचा आवाज चढे. "हासून काय राहिला गा? मी सांगतो. पावसानं तलावात जाईन, तलावातून नाल्यात, नाल्यातून वैनगंगेत अन् तेथून समुद्रात. समुद्र म्हणजे का तुह्या सासऱ्याचा कोठा व्हय, काहीबी नेऊन टाकाले?"

मग साखर पळसाच्या पानात बांधली जाई. घरी पोचेपर्यंत त्यातली मूठभर रस्त्यात सांडलेली असे आणि त्यावरून वहिनींशी, सरांच्या बायकोशी, दुसरं भांडण होई. गाव या भांडणांची मजा घ्यायचं. आजही त्या गावात कुणी भेटलं आणि सरांचा विषय निघाला, की लोक हसतात आणि म्हणतात, "हाव, थे येडे मास्तर." मला त्या हसण्याची चीड येते. वेडे कोण होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी वर्ध्याकडची. तुमसरच्या पुढे, मोठ्या तलावाच्या काठी असलेल्या त्या गावातल्या हायस्कुलात भूगोल शिकवायला लागले तेव्हा गावात टीव्ही नुकता येत होता आणि ज्याच्या घरी तो आला त्याच्या अंगणात संध्याकाळी चपलांचा ढीग पडत होता. शाळेतल्या बाकीच्या मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ड्रॉइंगवाल्यांच्या नादी लागू नका. उंच, वाळलेला माणूस. शर्टाला चार गुंड्या, चारही वेगळ्या. हाताची बोटं तारेने कापलेली, त्यावर चिंध्या बांधलेल्या. खिशात कायम पक्कड. खडू विसरतील पण पक्कड विसरायचे नाहीत.

वर्गात ते आंबा, केळी, डोंगरामागचा सूर्य असलं काही काढायला लावत नसत. मुलांना सांगत, "आपापल्या घरामागचा उकिरडा काढा. जे दिसते थेच काढायचं, मनचं नाही." एकदा तपासणीला साहेब आले. सगळ्या वर्गाच्या वह्यांत उकिरडेच उकिरडे. एकात फुटकी बरणी, एकात रबरी चप्पल, एकात मेलेली कोंबडी. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "मुलांना देखावा शिकवत नाही का?" सर म्हणाले, "हा देखावाच हाये साहेब. तुमी पाहाले या ना." साहेब गेले नाहीत. शेऱ्यात मात्र बरंच काही लिहून गेले.

समुद्रावर जीव टाकणाऱ्या या माणसाने समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही जेमतेम अर्धा तास. सत्तर सालानंतरची गोष्ट. ड्रॉइंग मास्तरकीच्या परीक्षेला ते मुंबईला गेले होते. निघताना आईने एक नारळ दिला होता आणि सांगितलं होतं, समुद्राले वाहून ये. परीक्षा आटोपून, गाडीच्या आधी, हे किनाऱ्यावर गेले आणि हात जोडून नारळ पाण्यात सोडला. थोड्या वेळाने लाटेने तो परत आणून पायाशी टाकला. एकटा नाही. सोबत चपलेचा तळ, औषधाची बाटली, विटलेली एक पिशवी आणि बाहुलीचा हात.

"समुद्रानं माहा नारळ वापस केला, बाई," ते मला सांगत. "म्हणे, तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मले काही नोको. इतका मोठा समुद्र, पण त्याच्या तोंडावर कंटाळा दिसून राहिला होता."

ही गोष्ट मी त्यांच्याकडून निदान दहा वेळा ऐकली असेल. कधी बाहुलीचा हात असायचा, कधी पाय. राग मात्र दरवेळी ताजा असायचा.

एकदा मीच खोडी काढली. भूगोलाची बाई मी, राहवलं नाही. म्हटलं, "सर, आपलं पाणी मुंबईला जातच नाही. वैनगंगा पुढे प्राणहितेत जाते, ती गोदावरीत, आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला मिळते. मुंबईचा समुद्र पार दुसऱ्या टोकाला."

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, दुखावले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "म्हणजे मी इतके वर्षं भलत्याच समुद्रासाठी भांडून राहिलो होतो."

"तसं नाही सर—"

"तसंच हाये. अन् ज्या समुद्रात आपण टाकून राहिलो, त्याच्याकडं मी पाहिलंबी नाही. त्याची माफी कोण मागन?"

त्या वेळेपर्यंत शाळेमागच्या पडक्या शेडमध्ये त्यांनी मूर्ती करायला घेतली होती. समुद्राची मूर्ती. तिचं तोंड पश्चिमेला होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी चार माणसं बोलावून तो सगळा सांगाडा पूर्वेकडे तोंड करून फिरवला. त्यात एक हात मोडला, तो पुन्हा बांधायला पंधरवडा गेला. मी माफी मागितली तर म्हणाले, "तुमी बरोबर सांगतलं. चुकीच्या दिशेले बसवली असती तं लाज गेली असती."

ही मूर्ती कशी होती ते सांगितलं पाहिजे, कारण तिचा एक फोटोसुद्धा आता उरलेला नाही. बांबूचा सांगाडा, त्यावर तार, सांध्यांना माती आणि धानाचा कोंडा. दारापेक्षा उंच, मांडी घालून बसलेली बाई. समुद्र तर पुरुष असतो, असं कुणी म्हटलं की सर म्हणत, "पुरुष इतकं सहन करत नसते." अंगाला तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांनी टाकून दिलेली नायलॉनची जाळी नेसवलेली. हात चपलांचे, एकावर एक शिवलेल्या शेकडो रबरी चपलांचे. केस कॅसेटच्या पट्ट्यांचे, वारा आला की सळसळणारे. पोट पोकळ आणि जाळीचं, त्यामुळे आतलं सगळं दिसायचं. पावडरचे डबे, वनस्पती तुपाचे डबे, बाटल्या, सेल, फुटक्या बादल्या, पिशव्या, पिशव्या आणि पिशव्या. आणि चेहरा होता पितळेच्या एका जुन्या परातीचा. तिला सरांनी ठोकून ठोकून नुसतं उघडं तोंड दिलं होतं. डोळे नव्हते.

त्या परातीचीही गोष्ट आहे. तेव्हा गावात सायकलीवर प्लास्टिकच्या बादल्या लटकावून एक भांडेवाला यायचा. जुनं पितळ द्या, नवी बादली घ्या. भंडाऱ्याचं पितळ म्हणून जे पितळ, पाणी भरायचे गुंड आणि पराती, चार पिढ्या घराघरांत घासून पुसून ठेवलं होतं, ते बायका हसत हसत त्याच्या पोत्यात टाकत. बादली हलकी, लाल, घासायला नको. सर सायकलीच्या आडवे पडत, अक्षरशः आडवे. "माय वो, आजसासूचा गुंड देऊन हे घेऊन राहिली तू? हे दोन सालात फुटन. मंग काय देशीन? सासू देशीन?"

आणि एक दिवस सर शाळेतून घरी गेले तर त्यांच्याच मोरीत दोन लाल बादल्या. वहिनींनी घरचा पितळेचा गुंड आणि परात देऊन टाकलेली. ते पळत सुटले आणि पुढच्या गावाच्या वेशीवर भांडेवाल्याला गाठून परात तेवढी परत मिळवली. गुंड आधीच चेपून पोत्यात गेला होता. घरी येऊन त्यांनी त्या दोन कोऱ्या बादल्या उचलल्या आणि मूर्तीच्या पोटात नेऊन बांधल्या.

वहिनी शाळेच्या आवारात आल्या. मी तिथेच होते. डोक्यावर पदर, पण आवाज फाटकाबाहेर ऐकू जाईल असा. "आता पाणी कायनं भरू? तुमचा समुद्र आणून देईन का पाणी? कंबर माही मोडते, गुंड मी उचलतो, अन् लेक्चर तुमी देता!"

दुसऱ्या दिवसापासून पहाटे विहिरीवर घागर घेऊन सर दिसायला लागले. मास्तर पाणी भरतो म्हणून गाव पुन्हा हसलं. ते कायमचं त्यांचं काम झालं. वहिनींचं त्यात चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही, आणि हे सरांनीही ओळखलं होतं.

पोटातला माल ते विकत घेत नसत की भंगारवाल्याकडून आणत नसत. तो तलावातूनच यायचा. ढिवर मोहल्ल्यातली सायत्राबाई रोज सकाळी डोंग्यातून जाळं ओढायची. मासळी टोपलीत आणि बाकीचं सगळं सरांसाठी पोत्यात. आधी ती ते पुन्हा पाण्यात फेकायची. सरांनी तिला कसं पटवलं कोण जाणे. तिला समुद्राचं काही देणंघेणं नव्हतं, ती म्हणायची, "गुरुजी माह्या जाळ्यातलं वझं कमी करून राहिले, मले आणखी काय पायजे?"

रविवारी लोक मूर्ती बघायला येत. त्यांची एक भलतीच करमणूक होती. जो तो आपापली वस्तू ओळखायचा. "अवो, हे माही चप्पल व्हय! अंगठा पाहा ना, माह्याच हातचा टाका हाये." "हा डबा आमच्या बारशाचा!" बायका हसून हसून बेजार. सर कोपऱ्यात उभे राहून ऐकत आणि मग पुढे होत. "ओळखली ना? तुमची हाये ना? मंग घेऊन जा." सगळं हसणं थांबायचं. कुणी काही नेलं नाही. मीही नाही. माझा पावडरचा निळा डबा डाव्या बाजूला, बरगडीच्या ठिकाणी बांधलेला होता. मी पाहिला, आणि पाहिलाच नाही असं दाखवून पुढे सरकले.

एका रविवारी अध्यक्ष आले. शाळा समितीचे अध्यक्ष तेच, गावचे सरपंच तेच आणि गावातलं सगळ्यात मोठं दुकानही त्यांचंच. पॉलिथिनच्या पिशवीवर लाल अक्षरांत दुकानाचं नाव छापून घेणारे त्या भागातले ते पहिले. मूर्तीच्या पोटात ती लाल अक्षरं शेकड्यांनी दिसत होती. ते बराच वेळ पाहत राहिले. मग हसले. म्हणाले, "वा गुरुजी. मेहनत लय घेतली तुमी." आणि गेले. सर खूश झाले. मी त्यांना म्हणाले की हे हसणं मला बरं दिसत नाही. सर म्हणाले, "बाई, त्यायनं पाहिलं ना? पाहिलं हेच लय झालं."

माणूस चिडका होता, पण इतका भाबडा चिडका माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना खरंच वाटायचं की लोकांना दिसत नाही म्हणून ते असं वागतात. एकदा दाखवलं की संपलं.

त्या पावसाळ्यात नागपूरच्या एका कला मंडळाचं पत्र आलं. सरांनी पाठवलेले दोन फोटो त्यांनी पाहिले होते. दिवाळीनंतरच्या प्रदर्शनात मूर्ती ठेवू म्हणाले, आणि तिथून निवडक कामं मुंबईला जातील असंही लिहिलं होतं. ते पत्र सरांनी शर्टाच्या खिशात इतके दिवस ठेवलं की घड्या फाटल्या. सायत्राबाईला वाचून दाखवलं, वहिनींना दाखवलं, तपासणीचे साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांनाही दाखवलं. "नागपूरले हजारो लोक पायतीन," म्हणायचे. "मंग मुंबईले. समुद्राच्या समोर नेऊन बसवीन. थो नाही तं हा समुद्र, माफी तं मागितली जाईन." वीस वर्षं ज्याला दुकानाच्या पायरीवर हसून घालवलं होतं, त्याचं म्हणणं आता कुठेतरी ऐकलं जाणार होतं. एका ट्रकची सोय करायची होती, इतकंच उरलं होतं.

आणि नवरात्र आलं.

सायत्राबाईने मूर्तीला कुंकू लावलं. तिचा काही डाव नव्हता. दीड वर्ष तिने त्या बाईला आपल्या हाताने भरवलं होतं. तिच्या अंगावर सायत्राबाईचं स्वतःचं जाळं होतं. शाळेत शारदेची मूर्ती बसली, घरोघर घट बसले, आणि ही एवढी मोठी बाई पडक्या शेडमध्ये उपाशी बसली आहे, हे तिला बघवेना. तिने पितळेच्या कपाळावर कुंकू टेकवलं आणि पुढ्यात ओटी ठेवली. सरांनी पाहिलं तशी ते खवळले. फडक्याने कुंकू पुसलं. "देवी नाही व्हय हे, माय! हे आपलं पाप व्हय, पाप. पापाले कुंकू लावतेत का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंकू, पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशी सायत्राबाई रडायला लागली. म्हणाली, "तुमी पुसता तं मले भेव लागते गुरुजी. माहा लेक पाण्यात जाते." सरांनी फडकं खाली ठेवलं.

त्यानंतर ढिवर मोहल्ल्यातल्या इतर बायकाही यायला लागल्या. अष्टमीपर्यंत पुढ्यात पाच-सहा नारळ फुटले होते.

शारदेच्या विसर्जनाच्या दिवशी सर पहाटेच्या बसने नागपूरला गेले, ट्रकचं नक्की करायला. दुपारी समितीची माणसं ट्रॅक्टर घेऊन शेडपाशी आली. अध्यक्ष स्वतः पुढे. म्हणाले, "पूजलेली मूर्ती ठेवता येत नाही. एकदा नारळ फुटला, ओटी भरली, म्हणजे शिरवाच लागते. नाही तं गावाले दोष लागन." आमच्या तिकडे विसर्जनाला शिरवणं म्हणतात. सगळ्यांनी माना हलवल्या. ही रीत सगळ्यांना माहीत होती, आणि रीत खोटी नव्हती, हाच तर त्यातला डाव. सायत्राबाईनेही मान हलवली. तिला काय ठाऊक? तिला वाटलं, देवीचा मान होतो आहे.

मी म्हटलं, "सर येईपर्यंत थांबा. संध्याकाळच्या बसने येतील."

"बाई," अध्यक्ष अगदी मऊ आवाजात म्हणाले, "देवीचं काम मास्तरसाठी थांबत नसते."

मी बाजूला झाले. बाजूला झाले एवढंच नाही, मिरवणुकीसोबत चालत गेले. माझ्या केसांत गुलाल होता.

शाळेची शारदा पुढच्या बैलगाडीत आणि मागे ट्रॉलीत सरांची बाई. बँडवाले, लेझीम, जयजयकार. चपलांचे ते हात ट्रॉलीच्या दोन्ही कडांवरून बाहेर आले होते आणि धक्क्यासरशी हलत होते. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, आरती झाली. शारदेची मूर्ती मातीची, ती दोन डुबक्यांत विरघळली. सरांची मात्र बुडेना. पोटात बाटल्या, डबे, बादल्या, सगळ्यात हवा भरलेली. ती पाण्यावर बसून राहिली, तोंड उघडं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मोठ्या माणसांनी बांबूंनी दाबून पाहिलं, ती पलीकडून वर येई. शेवटी तिला डोंग्याला बांधून मधोमध नेलं, कमरेला दगड बांधले आणि पितळेचं तोंड पाण्याखाली गेलं तेव्हा पारीवरच्या गर्दीने पुढच्या वर्षी लवकर येण्याचं आमंत्रण दिलं.

दीड वर्ष एका माणसाने त्या तलावातून वेचून काढलेला सगळा कचरा गावाने ताशे लावून परत तलावात टाकला. आणि वर प्रसाद वाटला.

सरांची बस आली तेव्हा मिरवणूक परतत होती. ते खिडकीतून हात हलवत उतरले. ट्रक मिळाला होता. कुणीतरी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला, हातात प्रसादाची पुडी दिली आणि म्हटलं, "गुरुजी, तुमची देवी शिरवली. मस्त शिरवली. बुडतच नव्हती!"

मला वाटलं, आता हा माणूस पेटेल. एका पिशवीसाठी भर बाजारात ओरडणारा माणूस. मी वाट पाहत होते त्याची, मला ते ओरडणं हवं होतं. सरांनी पुडी उघडली. आतले फुटाणे आणि खोबऱ्याचा तुकडा खाल्ला. पॉलिथिनची ती पुडी घडी करून पत्राच्या खिशात ठेवली आणि शेडकडे न जाता सरळ घरी गेले.

पंधरा-वीस दिवसांत बांधलेल्या तारा सुटल्या. तलावभर चपला, डबे, लाल अक्षरांच्या पिशव्या. सायत्राबाईच्या लेकाचं नवं जाळं तारेत अडकून फाटलं. उशिराच्या धानाला शेवटचं पाणी सोडायची वेळ आली तर गेटाच्या तोंडात पिशव्यांचा बोळा बसलेला, पाट कोरडा. शेतकरी संतापले, आणि त्यांचा संताप खरा होता, उभं धान वाळत होतं. मग ग्रामपंचायतीची नोटीस निघाली. सार्वजनिक तलावात कचरा टाकून नुकसान केल्याबद्दल. नोटीस कुणाला? ड्रॉइंगच्या सरांना!

ज्यांनी ट्रॉली आणली, ज्यांनी दगड बांधले, ज्यांनी आरती म्हटली, त्यांनी सही करून कळवलं की कचरा तुम्ही टाकला.

सरांनी तलाव साफ करून दिला. होळीपर्यंत, प्रत्येक सुटीच्या दिवशी, कमरेइतक्या पाण्यात. सायत्राबाई डोंगा घेऊन यायची, फाटक्या जाळ्याबद्दल चकार शब्द न काढता. गाव पारीवरून बघायचं. पितळेचा चेहरा सापडला तो त्यांनी घरी नेला आणि वहिनींना दिला. वहिनींनी तो वरवंट्याने ठोकून पुन्हा सपाट केला, पण परात म्हणून तिच्यात कधी पीठ मळलं नाही. नागपूरहून दोन पत्रं आली, मग थांबली. सरांनी पुन्हा काही बनवलं नाही. वर्गात मुलांना आंबा आणि केळी काढायला लावू लागले. साहेबांचा शेरा चांगला आला. दुकानात जे ज्यात देतील ते त्यात घेऊन यायचे. लोक म्हणाले, मास्तर सुधारले. रिटायर झाल्यावर वरठीला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले.

नोटिशीच्या सुनावणीचं मात्र मी सांगायचं टाळत आले. ते सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील.

सुनावणी सकाळी होती, ग्रामपंचायतीच्या खोलीत. टेबलामागे अध्यक्ष, भिंतीशी शेतकरी, दाराशी सायत्राबाई. सर खुर्ची असूनही उभे. त्यांना विचारलं, हे बनवलं कोणी? "मी." मग टाकलं कोणी? तेव्हा दारातून सायत्राबाई ओरडली, "म्या कुंकू लावलं! म्या नसतं लावलं तं कोणी शिरवलं नसतं. मले नोटीस द्या, गुरुजीले कायले देऊन राहिले?"

"तुमी बसा मावशी," अध्यक्ष म्हणाले. "तुमाले समजत नाही." आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या हाव. त्या दिवशी तुमी तेथं होत्या. तुमीच सांगा गावाले, तलावात पडलेला हा कचरा कोणाचा?"

मला शाळेत लागून दोन वर्षं होत आली होती. बाईला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते समिती त्याच महिन्यात ठरवणार होती. घरी वर्ध्याला माझ्या पगारावर आई आणि दोन भाऊ होते. हे सगळं अध्यक्षांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि सरांनाही माहीत होतं. उत्तर तर समोर पाण्यावर तरंगत होतं. पिशव्यांवर नाव छापलेलं होतं. माझा निळा डबा होता. सायत्राबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी भरवशाने. बाई शिकलेली, बाई खरं सांगेल.

मी म्हणाले, "सरांचा."

अध्यक्षांनी लिहून घेतलं. सरांनी खाली सही केली. सायत्राबाई उठून निघून गेली.

बाहेर आल्यावर मला सरांकडे बघवेना. मी सायकलीचं कुलूप काढत राहिले, ते निघेना. सर जवळ आले, खिशातून पक्कड काढली, अडकलेली किल्ली सोडवून दिली. मला वाटलं आता तरी शिवी देतील. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि खरोखरीच्या काळजीने म्हणाले, "तुमची कायमची ऑर्डर आता निघन, बाई. घरी कळवून टाका."

ऑर्डर आठ दिवसांत निघाली.